शेवटची दोन मिनिटं: नव्या बास्केटबॉल कोचने काय आणि कधी ठरवावं

माझ्या कोचिंगच्या पहिल्या वर्षातला एक टाइमआउट मला आजही जसाच्या तसा आठवतो. आम्ही एका गुणाने मागे, ११ सेकंद शिल्लक, बॉल आमचा. मी बोर्डवर एक स्क्रीन (मैत्रिणीला मोकळं करायला समोरच्या खेळाडूची वाट अडवणं) काढला, मग दुसरा काढला, समोरच्यांनी बचाव बदलला तर काय करायचं तेही काढलं. पन्नास सेकंदांचा भोंगा वाजला, मुली उठल्या, आणि कोर्टात शिरता शिरता आमची पॉइंट गार्ड वळून म्हणाली, "सर, बॉल आत कोण टाकणार?" मी घाईत दोघींची नावं घेतली. दोघीही रेषेकडे धावल्या. त्यातली एक परत आत आली तोवर तिची जागा चुकली होती. बाहेर उभी राहिलेली मोकळी मैत्रीण शोधत राहिली आणि बॉल आत टाकायला मिळणारे पाच सेकंद रेफ्रीने मोजून संपवले. बॉल गेला, मॅचही गेली.

माझ्या आकृतीत काही चूक नव्हती. फक्त ती त्या साठ सेकंदांत शिकवायची गोष्ट नव्हती. तेव्हापासून मी शेवटच्या दोन मिनिटांतले निर्णय मॅचच्या आधीच, शांत डोक्याने घेऊन ठेवतो. मॅचमध्ये फक्त त्यातला योग्य तो उचलायचा. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे. नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, धरले आहेत. टीव्हीवर एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक लीग) बघून शिकलेल्यांची इथे हमखास गफलत होते, म्हणून फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगत जाईन.

पहिली पायरी: चार आकडे कायम माहीत हवेत

चौथ्या क्वार्टरमध्ये पाच मिनिटं उरली की सहायकाला एकच काम द्या. फरक किती, दोन्ही संघांचे टीम फाउल किती, दोन्ही संघांचे टाइमआउट किती, आणि पझेशनचा बाण (दोघांनी एकदम बॉल धरला तर तो कोणाला मिळणार हे दाखवणारा) कोणाकडे, हे त्याने दर खंडित बॉलला तुमच्या कानात सांगायचं. सहायक नसेल तर बेंचवरच्या एखाद्या चौकस खेळाडूला हे काम द्या. तो फार जीव लावून करतो.

टीम फाउलचा आकडा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित होतो. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल होईपर्यंत, शॉटवर नसलेल्या फाउलला समोरच्यांना फक्त थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून बॉल आत टाकणं, मिळतो. पाचव्यापासून दोन फ्री थ्रो. म्हणजे तुम्ही मागे आहात, २० सेकंद उरलेत आणि तुमचे फाउल दोनच झालेत, तर समोरच्याला फ्री थ्रो लाइनवर पाठवायला तुम्हाला तीन फाउल करावे लागतील. प्रत्येक फाउलला दोन-तीन सेकंद जातात. हे २० सेकंद उरल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. उलट तुम्ही पुढे असाल तर हेच शिल्लक फाउल तुमच्या कामाचे. समोरच्यांची चाल रंगात आली की एक साधा फाउल करायचा, त्यांना पुन्हा थ्रो-इनपासून सुरुवात करायला लावायची.

फरक खेळाडूंनाही माहीत हवा. २०१८ च्या एनबीए फायनल्सच्या पहिल्या मॅचमध्ये क्लीव्हलंडच्या जॉर्ज हिलने पहिला फ्री थ्रो टाकून १०७-१०७ अशी बरोबरी केली, दुसरा हुकला. तो रिबाउंड त्यांच्याच जे. आर. स्मिथने मिळवला आणि बास्केटकडे जायचं सोडून बॉल बाहेर घेऊन गेला. वेळ संपली, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि क्लीव्हलंड १२४-११४ ने हरलं. त्यांच्याकडे एक टाइमआउट शिल्लक होता. जगातल्या सर्वोत्तम लीगमध्ये हे होतं, तर आपल्या पंधरा वर्षांच्या मुलांचं होणारच. म्हणून शेवटच्या प्रत्येक फ्री थ्रोच्या आधी मी मोठ्याने ओरडतो: "हा गेला तर बरोबरी! हुकला तर एक मागे!" समोरच्या संघाला ऐकू गेलं तरी बिघडत नाही.

दुसरी पायरी: टाइमआउट जपा, पण साठवून कुजवू नका

फिबात दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइमआउट मिळतात. पण चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं सुरू झाली की त्यातले जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. तिन्ही जपून ठेवलेल्या कोचचा एक टाइमआउट २:०० चा आकडा दिसताच वाया जातो. तेव्हा तीन शिल्लक असतील तर अडीच मिनिटांच्या आसपास एक घेऊन टाका. मुलांना पाणी मिळतं आणि शेवटच्या टप्प्याची उजळणीही होते.

दुसरी गफलत टीव्हीमुळे होते. एनबीएमध्ये खेळाडू बॉल हातात धरून टाइमआउट मागतो. फिबात खेळाडूला तो अधिकार नाही. कोच किंवा पहिल्या सहायकाने स्कोअरर टेबलाकडे जाऊन मागायचा. तो मिळतो बॉल थांबलेला असताना किंवा समोरच्यांनी बास्केट केल्यावर. खेळ चालू असताना कितीही हात हलवले तरी काही होत नाही. म्हणून आधीच मागून ठेवायची सवय लावा. समोरचे शॉट घेण्याच्या तयारीत आहेत, बास्केट पडली तर तुम्हाला टाइमआउट हवाय, तर आत्ताच टेबलावर सांगा. नाही पडली तर खेळ चालू राहील, तुमचं काही जात नाही.

टेबलाशी नीट बोलणं किती मोलाचं असतं, याचं उदाहरण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची फायनल. अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकून ५०-४९ अशी आघाडी घेतली. सोव्हिएत कोच व्लादिमिर कोंद्राशिन यांच्या टाइमआउटवरून गोंधळ झाला आणि शेवटचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले. अखेरच्या खेपेला इव्हान येदेश्कोने कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पास टाकला, अलेक्झांडर बेलोव्हने बास्केट केली, ५१-५०. अमेरिकन संघाने रौप्यपदकं स्वीकारलीच नाहीत. त्या निर्णयावरचा वाद आजही मिटलेला नाही. पण येदेश्कोचा लांब पास उत्तम होता आणि त्याच एका कामासाठी कोंद्राशिन यांनी त्याला आत घेतलं होतं, हे मला त्या मॅचमधलं सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं.

आणि उरलेले टाइमआउट किती, हे खेळाडूंना माहीत असू द्या. अमेरिकन कॉलेजांच्या १९९३ च्या फायनलमध्ये मिशिगन ७३-७१ ने मागे होतं, ११ सेकंद राहिले होते. ख्रिस वेबरने टाइमआउट मागितला. त्यांच्याकडे एकही शिल्लक नव्हता. टेक्निकल फाउल झाला आणि मॅच ७७-७१ अशी संपली.

शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउटचा एक मोठा फायदा मिळतो. बॉल तुमच्या बॅककोर्टमधून (तुम्ही राखता त्या अर्ध्या कोर्टातून) येणार असेल तर टाइमआउटनंतर तुम्ही तो फ्रंटकोर्टमधून (समोरच्यांच्या अर्ध्यातून) टाकायचा पर्याय घेऊ शकता. तेव्हा शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घ्यायला मिळणारा वेळ मोजणाऱ्या घड्याळावर, जास्तीत जास्त १४ सेकंद असतात. सहा-सात सेकंद उरले असतील तर निम्मं कोर्ट फुकट मिळालं, घ्याच. ३० सेकंद उरलेत आणि तुम्ही पुढे आहात, तर घेऊ नका. तिथे तुम्हाला पूर्ण २४ सेकंद हवेत.

तिसरी पायरी: त्या एका मिनिटात काय बोलायचं

पहिले दहा-पंधरा सेकंद सहायकाशी बोला, मुलांना बसू द्या, श्वास घेऊ द्या. मग खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन तीनच गोष्टी सांगा. बॉल आत कोण टाकणार. पहिला पास कोणाला, तो अडला तर दुसरा कोणाला. आणि शॉट झाल्यावर, पडो वा हुको, लगेच काय करायचं. ही तिसरी गोष्ट नवे कोच हटकून विसरतात. आघाडीची बास्केट पडते, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि चार सेकंदांत समोरून लेअप होतो.

नवी चाल इथे काढू नका. सरावात पन्नासदा केलेल्या चालीचं नाव घ्या. शेवटी प्रत्येकाला त्याचं काम त्याच्याच तोंडून वदवून घ्या. "तू काय करणार?" "सर, मी बेसलाइनवरून टाकणार, पहिली बघणार ती कोपऱ्यातली." एवढं आलं की भोंगा वाजायची वाट बघू नका, उठवा त्यांना.

चौथी पायरी: मागे असताना फाउल कधी करायचा

इथे दोन घड्याळं शेजारी ठेवून बघायची. मॅचचं घड्याळ ४० सेकंद दाखवतंय, शॉट क्लॉक २४. म्हणजे समोरच्यांना १६ सेकंद शिल्लक असताना शॉट घ्यावाच लागणार. तुम्ही एक, दोन, फार तर तीन गुणांनी मागे असाल तर फाउल करू नका, जीव तोडून बचाव करा, रिबाउंड घ्या. पुरेसा वेळ मिळतो. पण २२ सेकंद उरलेत तर शॉट क्लॉक बंद झालेलं असतं, ते बॉल धरून मॅच संपवू शकतात. पाच-सहा सेकंद जोराने दाबून बॉल हिसकायचा प्रयत्न करा, नाही जमला तर फाउल. चार किंवा जास्त गुणांनी मागे असाल तर मिनिटभर आधीपासूनच घाई हवी.

फाउल कोणाला करायचा हे समोरच्यांच्या फ्री थ्रोवरून ठरतं, म्हणून तिसऱ्या क्वार्टरपासून कोण हुकतंय ते लिहून ठेवा. कसा करायचा, हे त्याहून महत्त्वाचं. हात बॉलकडे गेला पाहिजे. मागून ढकलणं, जर्सी ओढणं, बॉलपासून लांब उभ्या खेळाडूला मिठी मारणं, यावर अनस्पोर्ट्समनलाइक फाउल मिळतो. त्यात त्यांना दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही मिळतो, म्हणजे मॅच संपल्यातच जमा. आणखी एक सापळा आहे. शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इनचा बॉल हातातून सुटायच्या आधीच बचाव करणाऱ्याने कोर्टात फाउल केला तर समोरच्यांना एक फ्री थ्रो आणि पुन्हा थ्रो-इन मिळतो. मुलांना एवढंच सांगा: बॉल आत येऊ दे, मग जा.

हे खरोखर सराव करून शिकवावं लागतं. चांगली मुलं फाउल करायला बिचकतात, आणि बिचकत केलेला फाउल रेफ्रीला दिसत नाही.

पाचवी पायरी: तीन गुणांनी पुढे असताना

या एका प्रश्नावर कोच लोक रात्रभर वाद घालू शकतात. तीन गुणांनी पुढे, सात सेकंद, बॉल त्यांचा. फाउल करून दोन फ्री थ्रो द्यायचे, की थ्री-पॉइंटर रोखत बचाव करायचा?

२००८ च्या अमेरिकन कॉलेज फायनलमध्ये मेम्फिस दोन मिनिटं उरली असताना ९ गुणांनी पुढे होतं. शेवटी फ्री थ्रो हुकत गेले, तीन गुणांची आघाडी उरली, फाउल करायचं मनात होतं पण तो झाला नाही, आणि कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने २.१ सेकंद राहिले असताना थ्री टाकून बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये कॅन्ससने ७५-६८ ने जिंकलं. २०१३ च्या एनबीए फायनल्सच्या सहाव्या मॅचमध्ये सॅन अँटोनियो मायामीविरुद्ध ९५-९२ ने पुढे होतं. त्यांनीही फाउल केला नाही. मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा थ्री हुकला, ख्रिस बॉशने रिबाउंड घेऊन कोपऱ्यात रे ॲलनला पास दिला आणि ५.२ सेकंद राहिले असताना बरोबरी झाली. त्या वेळी सॅन अँटोनियोचे कोच ग्रेग पोपोविच यांनी उंच टिम डंकनला बाहेर बसवलं होतं, कारण बाहेरचे शूटर धरायला चपळ खेळाडू हवे होते. विचार चुकीचा नव्हता, पण ज्या रिबाउंडने सगळं फिरलं तिथे तो नव्हता. मायामीने ती मॅच १०३-१०० ने जिंकली, मग सातवी आणि विजेतेपदही.

माझं मत सांगतो. सहा सेकंदांहून कमी वेळ असेल, आपले टीम फाउल चार झालेले असतील आणि बॉल धरणाऱ्याची पाठ बास्केटकडे असेल किंवा तो ड्रिबल करत असेल, तर फाउल करा. तो शॉटसाठी उठला असेल तर हात वर करून फक्त अडवा, स्पर्श करू नका. तिथे झालेला फाउल म्हणजे तीन फ्री थ्रो. दहा सेकंदांहून जास्त वेळ असेल तर फाउल करू नका, कारण मग फ्री थ्रोची देवाणघेवाण सुरू होते आणि तुमच्या मुलांनाही त्याच दडपणात थ्रो टाकावे लागतात. सहा ते दहाच्या मधला काळ तुमच्या संघावर अवलंबून आहे. माझ्या संघात फ्री थ्रो पक्के असतील तर मी फाउल करवतो.

पण फाउल केला की काम संपत नाही. २०२३ च्या विश्वचषकात कांस्यपदकाच्या मॅचमध्ये अमेरिका कॅनडाविरुद्ध चार गुणांनी मागे होती. मिकाल ब्रिजेसने पहिला फ्री थ्रो टाकला, दुसरा मुद्दाम हुकवला, स्वतःच धावत जाऊन तो बॉल मिळवला आणि कोपऱ्यातून थ्री टाकून १११-१११ केलं. ओव्हरटाइममध्ये कॅनडाने १२७-११८ ने बाजी मारली, तरी घडलं ते घडलंच. फ्री थ्रोच्या वेळी लेनवर तुमचे तीन, त्यांचे दोन असतात. त्या दोघांना सगळेच अडवतात, थ्रो टाकणाऱ्याला कोणीच अडवत नाही. तुमच्यापैकी एकाचं नाव घेऊन सांगा: बॉल हातातून सुटला की तू शूटरच्या समोर.

सहावी पायरी: शेवटचा शॉट

बरोबरी असेल तर उशिरा सुरू करा, हालचालीला सहा-सात सेकंद पुरतात. शॉट हुकला तर ओव्हरटाइम, समोरच्यांच्या हाती काही उरत नाही. मागे असाल तर आठ-नऊ सेकंद असतानाच निघा, कारण हुकलेल्या शॉटचा रिबाउंड घेऊन दुसरा प्रयत्न करायला वेळ हवा. दोन्ही प्रसंगांत सारखंच थांबणारे संघ खूप दिसतात.

दोन गुणांनी मागे असताना दोन घ्यायचे की तीन? कागदावर मांडून बघा. समजा तुमचा संघ दडपणात शंभरातले ३० थ्री आणि ५० टू टाकतो. थ्री घेतला तर शंभरात ३० वेळा जिंकाल. टू घेतला तर ५० वेळा ओव्हरटाइम, त्यातल्या निम्म्या जिंकल्या तर २५. म्हणजे बरा थ्री शूटर असेल तर थ्रीत हिशेब बसतो. पण समोरचेही थ्रीचीच राखण करत असतात, आणि बास्केटकडे घुसणाऱ्याला फाउलही मिळतो. मी आत घुसायला सांगतो, आणि बचाव आत ओढला गेला की कोपऱ्यात पास. माझे दोन मुख्य खेळाडू पाच-पाच फाउल होऊन बाहेर बसले असतील तर मात्र ओव्हरटाइम नको, थ्रीच घ्यायचा.

घड्याळावर ०.३ सेकंद असतील तर बॉल पकडून शॉट घेता येतो. ०.२ किंवा ०.१ असेल तर फक्त हवेतच टॅप करणं किंवा थेट डंक. त्यासाठी उंच खेळाडू आत हवा.

सातवी पायरी: थ्रो-इन

माझी पहिली मोठी हार याच पायरीवर झाली, म्हणून मी इथे जास्त वेळ घालवतो. बॉल टाकणारा तुमचा सर्वांत थंड डोक्याचा पासर हवा, शूटर नको. समोरच्यांनी बास्केट केल्यावर बेसलाइनमागून टाकताना त्याला रेषेवर इकडून तिकडे पळता येतं, इतर ठिकाणी नाही. त्याने मनात मोजायचं. तीनपर्यंत पहिला पर्याय, चारला दुसरा. तोही नसेल आणि बचाव करणारा अगदी समोर असेल तर त्याच्या पायावर आपटून बॉल बाहेर घालवायचा. पुन्हा थ्रो-इन मिळतो.

बचाव करताना टाकणाऱ्यासमोर कोणी उभं करायचं का? मार्च १९९२ मध्ये अमेरिकन कॉलेजांच्या मॅचमध्ये केंटकीने ड्यूकविरुद्ध केलं नाही. २.१ सेकंद होते, ड्यूकच्या ग्रँट हिलने कोणाचाही हात समोर नसताना सगळं कोर्ट ओलांडणारा पास टाकला, ख्रिश्चन लेटनरने पकडून वळून शॉट घेतला, १०४-१०३. लांबच्या पासवर जिंकायची वेळ असेल तर माझा सर्वांत उंच खेळाडू हात वर करून टाकणाऱ्यासमोर असतो. बास्केटजवळचा थ्रो-इन असेल तर त्याला मी आत घेतो.

आठवी पायरी: चिठ्ठ्यांचा डबा

आमच्याकडे एक प्लास्टिकचा डबा आहे, त्यात तीसेक चिठ्ठ्या. प्रत्येक सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत एक खेळाडू चिठ्ठी काढतो आणि मोठ्याने वाचतो: "दोन मागे, १४ सेकंद, बॉल त्यांचा, आपले फाउल तीन, टाइमआउट एक, बाण आपल्याकडे." घड्याळ लावायचं आणि खेळायचं. हरलेल्या मॅचमधून नवा प्रसंग निघाला की त्याच रात्री त्याची चिठ्ठी करून डब्यात टाकायची. पहिले दोन महिने निर्णय मी घेतो. नंतर चिठ्ठी काढणाराच कोच होतो, मी भिंतीला टेकून उभा राहतो. त्याचा टाइमआउटही खरा, साठ सेकंदांचा, भोंग्यासकट.

गेल्या आठवड्यात आमच्या सर्वांत लहान मुलीने चिठ्ठी काढली: एक मागे, ११ सेकंद, बॉल आपला. तिने बोर्डला हातच लावला नाही. एकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बॉल तू टाकणार."